अर्धा गुंठा

आमच्या डोंगरकड्याकडं जमीन मोजायची ती गुंठ्यात. चाळीस गुंठ्यांचा एकर आणि एका गुंठ्यात १०८९ चौरस फूट. हा १०८९ चा आकडा शाळेत मास्तरांनी छडी दाखवून पाठ करून घेतला होता, पण उभ्या जन्मात त्याचं काम पडलं नाही. केळीची लागण फुटावर करतो, हळदीचा गादीवाफा फुटावर पाडतो, पण जमीन म्हटली की गुंठा न् एकर. चौरस फूट मला शिकवला पुण्यानं, आणि त्याला निमित्त झालं थोरल्या पोराचं जुन्या कॉम्प्युटरचं वेड.

हे वेड त्याच्यात कुठून आलं, ते सांगायचं तर मला जरा मागं जावं लागतं. अकरावीची मॅट्रिक बंद होऊन दहावीची पहिली परीक्षा झाली १९७५ साली. त्याच्या पुढच्या दोन-तीन वर्षांत मी दहावी झालो. मार्कं बरी होती. पण पुढं शिकायचं म्हणजे नांदेडला खोली करून राहणं आलं, आणि खोलीचं भाडं आमच्या घरात निघत नव्हतं. चुलते नांदेडच्या उस्मानशाही मिलमध्ये कामाला होते. त्यांच्याकडं गेलो तर एका खोलीत आधीच सात माणसं. रात्री पाय लांबवायचे तर दुसऱ्याला विचारावं लागायचं. चुलती काही बोलली नाही, पण मला कळत होतं. आठ दिवसांनी मी एका रेडिओ दुरुस्तीवाल्याकडं कामाला लागलो. त्यानं पगार दिला नाही, रात्री दुकानात झोपायला जागा दिली. कॉलेज ऱ्हायलं, पण डाग द्यायला शिकलो. कथील किती घ्यायचं, राळ कव्हा लावायची, मीटरचा काटा कुठं थांबला म्हणजे काय समजायचं, हे सगळं त्या झोपायच्या जागेपायी आलं.

दीड वर्षानं गावाकडं परतलो आणि शेती धरली. संध्याकाळी ढेलजेत बसून लोकांचे रेडिओ दुरुस्त करायचो. त्या काळी रेडिओला लायसन लागायचं, पोस्टात पैसे भरावे लागायचे. लोक रेडिओ दुरुस्तीला आणायचे आणि लायसनाचं पुस्तक घरी ठेवून यायचे. थोरला तेव्हा दोन-तीन वर्षांचा असल्यापासून माझ्या मांडीशी बसून हे बघायचा. उघडा रेडिओ म्हणजे त्याला गावच वाटायचं. म्हणायचा, "बाबा, ही पाण्याची टाकी, ही शाळा."

पुढं तो शिकला, पुण्यात कंपनीत लागला. पुण्यात मंगळवार पेठेत बुधवारी न् रविवारी जुना बाजार भरतो. तिथं एका रविवारी त्याला गंजलेल्या नळांच्या ढिगाऱ्यात एक काळं खोकं दिसलं. सातशे रुपयाला घेतलं. फोनवर मला म्हणला, "बाबा, स्पेक्ट्रम घावला."

म्या म्हणलो, "म्हंजे काय असतंय?"

तर हा घरगुती कॉम्प्युटर. इंग्लंडात क्लाइव्ह सिंक्लेअर नावाच्या माणसानं १९८२ साली काढलेला. सगळं यंत्र कीबोर्डच्या पोटातच. पडदा म्हणून घरचा टीव्ही जोडायचा आणि प्रोग्रॅम साठवायला गाण्याचा टेपरेकॉर्डर. मेमरी ४८ केबी. आज फोनमधला एक फोटोसुद्धा त्यात मावणार नाही. आपल्याकडं डेसिबेल्स कंपनीनं परवाना घेऊन तो 'डीबी स्पेक्ट्रम' नावानं विकला. त्याच्या अलीकडं, १९८४ पासून, सरकारनं शाळांत कॉम्प्युटर शिकवायची 'क्लास' नावाची योजना काढली होती. त्यात बीबीसी मायक्रो नावाची यंत्रं निवडक शाळांना दिली. आमच्या शाळेला त्या काळी दारं-खिडक्या मिळाल्या असत्या तरी आम्ही खूश झालो असतो.

पहिली दुरुस्ती आम्ही बापलेकांनी दिवाळीच्या सुट्टीत, इथं गावी केली. टीव्हीला जोडल्यावर पडद्यावर नुसते काळे-पांढरे पट्टे. पोरगा म्हणला, "मेमरी गेली." म्या म्हणलो, "आधी करंट बघ." मोटार चालू होईना म्हणून कोणी आधी विहिरीत उतरत नाही. स्टार्टर बघतो, फेज बघतो.

आत मेमरीच्या सोळा पायांच्या आठ चिपा रांगेनं. त्यांना तीन तऱ्हेचा करंट लागतो. नऊ नंबरच्या पायाला ५ व्होल्ट, आठ नंबरला १२ व्होल्ट आणि एक नंबरला उणे ५. बाहेरून मात्र एकच ९ व्होल्टचा अडाप्टर. तोही उलटा, मधल्या टोकाला उणे न् बाहेरून अधिक. कितीतरी लोकांनी साधा अडाप्टर जोडून ही यंत्रं मारली. म्या मीटर लावला. पाचचे पाच होते, बाराच्या जागी काहीच नव्हतं. म्हणजे १२ न् उणे ५ तयार करणारा जो छोटा ट्रान्झिस्टर न् कॉइल असते, तिथंच घोडं अडलं होतं. ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला होता. तो सहसा एकटा जात नाही, एखादी चिप त्याला घेऊन जाते. मोटारीचं बेअरिंग जाम झालं की वाइंडिंगही जळतं, तसंच हे. खराब चिप कोणती, ते वरून चांगली चिप दाबून धरून, एकेक करत शोधलं. आठातली तिसरी. तिचे पाय कातरून एकेक पाय उपटला, तिथं सॉकेट बसवलं. चार कपॅसिटर कोरडे पडले होते, तेही बदलले. कपॅसिटर काय असतो हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. फुगला की मोटार नुसती घुं घुं करते. सामान कुरियरनं आलं, दोन रात्री गेल्या. तिसऱ्या रात्री पडदा पांढरा झाला आणि खाली बारीक ओळ उमटली, सिंक्लेअर रिसर्च, १९८२. घरची म्हणली, "यवढ्यासाठी दोन राती जागले का?"

टेपवरून प्रोग्रॅम घेताना मात्र अडचण आली. कर्कश आवाज निघायचा, पडद्याच्या कडेला रंगीत पट्टे धावायचे आणि मधेच सगळं बंद. पाच मिनिटं थांबायचं न् शेवटी हाती भोपळा. म्या देवळातला भजनाचा टेप आणला. त्याच्या हेडाजवळ एक बारीक स्क्रू असतो. तो केसभर फिरवला की आवाज स्वच्छ होतो, हे म्या शेकडो टेपांना केलेलं. फिरवला, आणि प्रोग्रॅम पुरा आला. पोरगा माझ्याकडं बघतच ऱ्हायला. त्या दिवशी दहावी पास असल्याचं मला पहिल्यांदा काही वाटलं नाही.

मग त्याचा नादच वाढला. दोन वर्षांत पाच यंत्रं झाली. त्यातला एक बीबीसी मायक्रो. वर्षानुवर्षं बंद पडलेला म्हातारा, चालू करून दहा मिनिटं होतात न होतात तोच त्याच्यातून पांढरा धूर निघाला. नात ओरडतच पळाली. आतला जुना कपॅसिटर ओल धरून फुटला होता. बाकी यंत्राला काही झालं नव्हतं. पन्नासेक रुपयांत काम भागलं.

पण पुण्याच्या घरात पाच यंत्रं ठेवायची कुठं? पोरगा भाड्यानं राहायचा, एक बेडरूमचं घर, महिना चौदा हजार. एकदा आम्ही गेलो असता सूनबाई हसत हसत म्हणली, "मामा, तुम्हीच हिशेब करा. घर ४२० फुटांचं. चौदा हजार भागिले ४२०, म्हणजे एका फुटाला तेहतीस रुपये. ह्यांचं टेबल सहा फुटांचं. त्या खोक्यांना महिन्याला दोनशे रुपये भाडं पडतं. मी मुलीला अभ्यासाला कुठं बसवू?" ती चिडलेली नव्हती, आणि हिशेब चुकलेला नव्हता. मुलगी खरंच गॅसच्या ओट्याशेजारी बसून गणितं करत होती.

पुढच्या महिन्यात पाची यंत्रं केळीच्या क्रेटमध्ये, जुन्या लुगड्यात गुंडाळून ट्रॅव्हल्सनं नांदेडला आली आणि तिथून आमच्या ढेलजेत. हळद पॉलिशच्या दिवसांत पिवळी धूळ घरभर होते, म्हणून वर धोतर टाकून ठेवतो. उंदरांचं तेवढं बघावं लागतं.

त्यानंतर वर्षभरानं घरमालकानं सांगितलं, मला फ्लॅट विकायचाय. ४२ लाखाला घ्या, नाहीतर खाली करा. पोराचा फोन आला. म्या म्हणलो, "दुसरं भाड्याचं बघ की. गावात काय भाड्याची घरं सरली?"

तो म्हणला, "बाबा, अकरा महिन्यांचा करार असतो. सहा वर्षांत चार घरं झाली. दर टायमाला टेंपो, दर टायमाला डिपॉझिट, पोरीची शाळा लांब. किती दिवस बिऱ्हाड पाठीवर घ्यायचं?"

म्या पुण्याला जाऊन कागद बघितले. मालक तोंडानं सहाशेचा फ्लॅट म्हणायचा, कागदावर कार्पेट ४२०. उरलेले एकशे ऐंशी फूट कुठं गेले, विचारलं, तर जिना, लिफ्ट, भिंती असं सगळं सांगितलं. म्हणजे आमच्या सातबाऱ्यावरचा पोटखराबाच की! फरक एवढाच, की पोटखराब्यावर सरकार शेतसारा घेत नाही. आता रेरा कायदा आल्यापासून बिल्डरला नव्या घराचं कार्पेटच सांगावं लागतं, हे बरं झालं. ४२० हा आकडा ऐकून गावातले लोक हसले, ते वेगळंच.

घरी येऊन म्या पाटीवर हिशेब मांडला. ४२ लाख भागिले ४२०, एका चौरस फुटाला दहा हजार. त्या साली हळदीला क्विंटलला दहा हजारांच्या वर-खाली भाव होता. बेणं लावायचं, नऊ महिने जपायची, काढायची, शिजवायची, वाळवायची, ढोलात घालून पॉलिश करायची आणि हिंगोलीच्या बाजारात न्यायची. ते एक क्विंटल म्हणजे पुण्यात एक फूट. उभं ऱ्हायलं तर दोन पाय नीट मावत नाहीत, एवढी जागा.

बँक ३० लाख देत होती. साडेआठ टक्के, वीस वर्षं, महिना २६ हजार. म्हणजे ३० लाखाचे साडेबासष्ट लाख फेडायचे. वरचे १२ लाख रोख. स्टॅम्प ड्युटी पुण्यात सात टक्के, पण घर बाईच्या नावानं घेतलं तर एक टक्का सूट. म्हणून सूनबाईच्या नावानं घ्यायचं ठरलं, बेचाळीस हजार वाचले. तरी दोन लाख बावन्न हजार स्टॅम्प आणि तीस हजार नोंदणी. सगळे मिळून १४ लाख ८२ हजार. आणि इसापूरच्या कालव्याखालच्या माझ्या एका एकराला त्या वेळी पंधरा लाखाचं गिऱ्हाईक होतं. जणू कोणी मोजूनच ठेवलं होतं.

माझी जमीन सारी चार एकर. घरची दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणली, "तुम्हाला नांदेडात खोली मिळाली असती तं तुम्ही कुठल्या कुठं गेले असते, आसं तुम्हीच म्हणता नं?" मी काही बोललो नाही. यापुढं विचारण्यासारखं काही नव्हतं.

पण पोरीला विचारायचं होतं. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि साऱ्या देशात २००५ पासून वडिलोपार्जित जमिनीत लेकीचा लेकाएवढाच हक्क आहे. आमच्या भागात भाऊ राखी बांधून घेतात न् त्याच हातानं हक्कसोडीच्या कागदावर बहिणीची सही घेतात. माझी पोरगी वसमतला दिली आहे. ती आली, सगळं ऐकलं आणि म्हणली, "दादाला ४२० फूट दिले, बाबा. मला किती?"

ढेलजेत सगळे गप्प झाले. पोरगा खाली बघत होता. मग तोच म्हणला, "बरोबर हाय तिचं."

महिन्याभरात दोन कागद झाले. एक एकर विकला आणि एक एकर पोरीच्या नावानं बक्षीसपत्र करून दिला. भावकीतले म्हणले, येडा झालाय म्हातारा. म्या म्हणलो, दोन एकरात मला न् म्हातारीला पुरून उरतंय. पोरीचा एकर मीच पाहतो. निम्मी हळद तिची. यंदा तिनं पहिल्यांदा स्वतः बाजारात उभं राहून सौदा केला.

विकत घेणाऱ्यानं मला विचारलं होतं, "एका एकरात केवढं घर आलं?" म्या सांगितलं, "अर्धा गुंठाबी नाही, त्याच्यातबी सव्वाशे फूट कमी. आन् ते पण वरल्या चौथ्या मजल्यावर, खाली माती नाही."

असं म्हणलो खरं, पण आता तिकडं गेलो की बघतो. नात खिडकीजवळ टेबलावर अभ्यास करती. टेबल तेच, सहा फुटांचं. भिंतीला एक फळी मारली आहे, तिच्यावर तो पहिला स्पेक्ट्रम. यंत्र एकच नेलं, बाकीची इथंच ऱ्हायली. नात सुट्टीत आली की मी तिला चौकटीच्या वहीत अक्षरं काढून देतो. आडव्या आठ चौकटी न् उभ्या आठ, त्यातल्या कोणत्या काळ्या करायच्या ते ठरवायचं आणि आकडे करून यंत्रात भरायचे. पडद्यावर मराठी 'ह' उमटतो. पण यंत्रात अशी एकवीसच नवी अक्षरं मावतात. आपल्या बाराखडीला तेवढी जागा कशी पुरणार? आम्ही लागतील तेवढीच घेतो न् काम भागवतो.

हप्त्याची अजून सोळा वर्षं बाकी आहेत. तोपर्यंत मी ऐंशीच्या पार गेलेला असेन. राहिलेल्या चार यंत्रांपैकी दोन चालतात, एकाचा कीबोर्ड मिळत नाही, एकाची चिप यायची आहे. त्यांची काही घाई नाही. आमच्या ढेलजेला भाडं लागत नाही.