बाकड्याचा रथ

माझ्या लहानपणी दशावतारातला रथ म्हणजे एक लाकडी बाकडं. राजा बसला की ते सिंहासन, त्यावर उभा राहून तो बाण सोडू लागला की रथ, आणि राक्षस त्यावर चढून गरजला की डोंगर. देवळापुढच्या मांडवात गॅसबत्तीचा भगभगीत उजेड आणि बाजूला पेटी, मृदंग, झांज. नेपथ्य म्हणून दुसरं काही नव्हतंच. "रथ इलो रे!" आजी कानाशी पुटपुटायची आणि मला घोडे दिसायचे, पांढरेशुभ्र. शेजारच्या मुलाला तेच घोडे काळे दिसले म्हणून आमचं दुसऱ्या दिवशी कडाक्याचं भांडण झालं होतं.

त्रिपुरी पौर्णिमेनंतर सिंधुदुर्गात गावोगावच्या जत्रा लागायच्या. वालावलकर, मोचेमाडकर, पार्सेकर अशा कंपन्यांचे पेटारे माणसांच्या डोक्यावरून एका गावातून दुसऱ्या गावात जायचे. पेटाऱ्यात मावेल तेवढंच स्वर्गाचं वैभव. नट आपला रंग आपणच लावायचे. द्रौपदीही पुरुषच असायचा. दाढीची हिरवट झाक सफेद्यातून डोकावायची. मध्यरात्र उलटता उलटता ती झाक दिसेनाशी व्हायची. सफेदा तेवढाच असायचा, आमचे डोळे तिला पुसून टाकायचे.

संहिता लिहिलेली नसायची. आख्यान ठरायचं प्रयोगाच्या थोडं आधी, आणि शब्द ज्याचे त्याने आणायचे. रंगमंचावर एकही झाड नाही, तेव्हा अरण्य बोलूनच उभं करावं लागे: तिथला अंधार, पायवाट, श्वापदांची चाहूल. दशावतारी नटाची ती पल्लेदार, संस्कृताकडे झुकणारी मराठी या टंचाईतच कसाला लागली, असं मला ठामपणे वाटतं. झाडं असती तर त्याने एवढं बोलायचं कशाला?

आता ट्रिकसीन आले. धूर येतो, रंगीत झोत फिरतात, फणा हलवणारा नाग निघतो, देव अधांतरी प्रकटतो. गर्दी लोटते, पोरंटोरं पुढे जागा धरतात, मुंबईच्या नाट्यगृहांतही चाकरमानी प्रयोगाला जातात. कला जगायला हवी, तर हे सगळं मी मनापासून मान्य करतो. नागही सुरेख केलेला असतो. फक्त तो सगळ्यांना एकसारखाच दिसतो. त्याच्या रंगावरून कुणाचं भांडण होत नाही.

आणि नाग आला की नट थांबतो. मागे जिथे तो सर्पाचं वर्णन करत रसिकांना खिळवून ठेवायचा, तिथे आता टाळ्या पडेपर्यंत गप्प उभा असतो. या कलेत शिकणारा मुलगा पुस्तकातून शिकत नाही. रंगपटाच्या कडेला उभा राहून थोरल्यांचे संवाद कानांनी टिपतो. त्या जागी आज त्याला धुराच्या यंत्राचा फुसफुसाट ऐकू येतो, आणि उद्या त्याला अरण्य उभं करायला सांगितलं तर तो ते कशातून करील, याचाच मला घोर लागला आहे.