वाइल्डरसाहेबांचं भांडण आणि याकोबाची कसोटी

कोल्हापूर

चि. रुथ,


तुझे दोन प्रश्न पोचले. आपल्या चर्चच्या नावात वाइल्डर कोण, हा एक. तिकडच्या उपदेशकांनी जगाचं ज्ञान देवापुढे मूर्खपणा ठरतं असं ठणकावून सांगितलं, तर मग पीएच.डी. कशासाठी करायची, हा दुसरा. दोन्हींची उत्तरं एकाच जुन्या भांडणात सापडतात, म्हणून एकत्रच लिहितो.

रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी आधी अहमदनगरला होते. १८५२ मध्ये ते कोल्हापूर संस्थानात आले आणि त्यांनी शाळांवर भर दिला. दोनच वर्षांनी त्यांना पाठवणाऱ्या मिशन बोर्डाचे सेक्रेटरी रूफस अँडरसन हिंदुस्थानच्या पाहणीला आले. मिशनरी सुवार्ता सांगायला आला आहे, इंग्रजी शिकवायला नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. इंग्रजी शाळांना कात्री लागली, लोकभाषेतल्या प्रचाराला प्राधान्य मिळालं. वाइल्डरना हे मान्य नव्हतं. प्रकृतीसाठी १८५७ मध्ये ते मायदेशी गेले, तर बोर्डाने त्यांना परत पाठवलं नाही. तेव्हा १८६१ मध्ये ते बोर्डाचा आधार सोडून स्वतःच्या हिमतीवर कोल्हापुरात आले आणि १८७० मध्ये प्रेस्बिटेरियन मिशनने हे काम हाती घेईपर्यंत असेच राहिले. आपल्या मंडळीचं मूळ हे असं भांडणातलं आहे.

आता या भांडणात ऐहिक शहाणपण कोणाचं आणि देवाचं कोणाचं? तुमच्या उपदेशकांच्या हिशेबाने उत्तर सोपं आहे: शाळा म्हणजे जग, सुवार्ता म्हणजे देव, म्हणजे अँडरसन जिंकले. पण ज्या पत्राचा आधार ते घेतात, ते मुळातून वाच. करिंथच्या मंडळीत एक म्हणे मी पौलाचा, दुसरा म्हणे मी अपुल्लोसाचा, तिसरा केफाचा. आपला गुरू मोठा म्हणून छाती फुगवणाऱ्या या तटबाजीवर पौलाने आसूड ओढला आहे. शिकण्यावर त्याचा राग असता तर गमलिएलाच्या पायाशी बसून शिकल्याचं त्याने लोकांपुढे सांगितलं नसतं, की अथेन्सला ग्रीक कवींचा दाखला दिला नसता. याकोबही आपल्या पत्रात तेच म्हणतो. खालचं शहाणपण तो मत्सर आणि स्वार्थी चढाओढीवरून ओळखतो, वरचं सौम्यपणा, दया आणि निःपक्षपातीपणा यांवरून. शाळा, पदवी, इंग्रजी यांचा त्या यादीत पत्ताच नाही. वाटणी ज्ञान आणि श्रद्धा यांच्यात नाहीच. शहाणपण कोणासाठी वापरलं जातं, यावर ती होते.

यावर कोणी म्हणेल की अँडरसनच्या बोलण्यातही तथ्य होतं. होतंच. इंग्रजी शिकलेला मुलगा कचेरीत नोकरी धरतो आणि खेड्यातली मंडळी तशीच राहते, ही त्यांची तक्रार पोकळ नव्हती. इथल्या मंडळीने स्वतःच्या पायावर उभं राहावं, स्वतःचा कारभार स्वतः पाहावा, हा त्यांचा आग्रह तर आजही अनेक अभ्यासक वाखाणतात, आणि मलाही तो पटतो. पण कोल्हापूरसारख्या ठिकाणी विद्येला कमी लेखताना एक गोष्ट विसरून चालत नाही. ज्यांच्यापर्यंत अक्षरच पोचू दिलं नव्हतं, ती माणसं इथे बहुसंख्य होती. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करायला घेतलं ते उगाच नाही. विद्या फुकाची, असं म्हणण्याची चैन ज्याच्या घरात विद्या आधीच नांदते त्यालाच परवडते. (तुमचे उपदेशक स्वतः धर्मशास्त्राची पदवी घेऊनच व्यासपीठावर चढले असणार.) मिरजेला मिशनचे डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये दवाखाना उभारला आणि पुढे इथल्याच तरुणांना वैद्यक शिकवलं. शस्त्रक्रियेचं ज्ञान ऐहिकच, पण ते ज्या गरिबाच्या कामी आलं त्याच्यासमोर त्या ज्ञानाला मूर्खपणा म्हणून पाहा.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे, आणि तो आपल्याच माणसावर येतो. वाइल्डर सौम्य होते का? त्यांनी बोर्डाविरुद्ध छापील पुस्तक काढलं. उतारवयात अमेरिकेत परतल्यावर १८७८ मध्ये मासिक सुरू केलं, त्यातही मिशन मंडळांच्या कारभारावर टीका असे. याकोबाची कसोटी प्रामाणिकपणे लावायची तर ती आपल्या बाजूच्या माणसालाही लावावी लागते. शाळांच्या बाबतीत ते बरोबर होते असं मी मानतो. त्यांच्या भांडण्याच्या रीतीबद्दल मात्र मी हमी देणार नाही. बरोबर असणं आणि शहाणं असणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि धार्मिक माणसाची इथेच फसगत होते. आपलं मत देवाचं आहे अशी एकदा खात्री पटली की समोरच्याचा अपमानही त्याला सेवाच वाटू लागतो. महाराष्ट्रातल्या कितीतरी मंडळ्या मिशनच्या जमिनींवरून कोर्टात गेल्या. तिथे दोन्हीकडचे लोक प्रार्थना करूनच वकिलाकडे जातात. ऐहिक शहाणपण शोधायला विद्यापीठात जायची गरज नाही, चर्चच्या कमिटीच्या सभेत ते भरपूर भेटतं.

म्हणून पीएच.डी. सोडायचा विचार त्या एका उपदेशावर करू नकोस. उपदेशकांना मात्र एवढं विचार, अदबीने: करिंथच्या त्या पत्रातली भांडणं कशावरून होती, आणि त्यांच्या मंडळीत ती आहेत का? काय म्हणाले ते कळव. मामी सलाम सांगते.

तुझा,
मामा