विचारपूस

बाईंचं नाव मी इथे लिहीत नाही. आपलं नाव कुठे छापून यावं, हे त्यांना रुचलं नसतं. गोखलेनगरच्या पूरग्रस्त वसाहतीत त्या आमच्या शेजारी राहायच्या. महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, आणि सगळी वस्ती त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणायची. मी शिकले, बँकेत लागले, चार पैसे स्वतःच्या हाताने मिळवले, ते त्यांच्यामुळे. ते ऋण तर आहेच. पण थोरामोठ्यांना मान द्यायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हेही मी त्यांच्याकडे बघूनच शिकले, आणि आजच्या मुलामुलींना ते सांगावं असं फार वाटतं.

१२ जुलै १९६१ ला सकाळी पानशेत फुटलं, दुपारपर्यंत खडकवासलाही गेलं आणि मुठेकाठच्या पेठांमधले मातीचे वाडे जागच्या जागी बसले. बाईंची शनिवारातली भाड्याची खोली गेली. नदीकडेचं आमचं खोपटं गेलं. पुढे पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, जनवाडी अशा वसाहती उठल्या. माझा जन्म पुराच्याच वर्षातला. एरवी कोकणातली ब्राह्मण विधवा आणि मुळशी खोऱ्यातून आलेलं शेतकऱ्याचं घर भिंतीला भिंत लावून राहिलं नसतं. पुराने आम्हाला शेजारी केलं.

बाईंच्या खोलीत संध्याकाळी वस्तीतली मुलं अभ्यासाला बसायची. फी नव्हती. वर्ष संपलं की बाई आमच्या जुन्या वह्यांतली कोरी पानं काढून घ्यायच्या. कडा जुळवून गठ्ठा मांडीखाली दाबून ठेवायचा, मग दाभणाने भोकं पाडायची, गोधडीच्या जाड दोऱ्याने शिवायचं, वर जुन्या कॅलेंडरचं पान गुळगुळीत बाजू आत करून चिकटवायचं. जूनमध्ये ज्याला वही घेणं जमणार नाही, त्याच्या हातात ती वही पडायची. द्यायच्या मात्र अशा, की घेणाऱ्याला खाली बघावं लागू नये. “अक्षर सुधारायला ही ठेव,” एवढंच म्हणायच्या.

त्या स्वतः बालविधवा. आलवणात हिंगण्याला आल्या आणि तिथे शिकून शिक्षिका झाल्या. धोंडो केशव कर्व्यांना त्या ‘अण्णा’ म्हणत. कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला. १९०० मध्ये तो हिंगण्याच्या माळावर गेला तेव्हा तिथे एक झोपडी होती, आणि फर्ग्युसनमधलं शिकवणं आटोपून अण्णा पावसाचिखलात आश्रमाचं सामान घेऊन पायी तिकडे जात. हे आम्हाला बाईंनी इतक्यांदा सांगितलं, की तो रस्ता आमच्याही पायाखालचा वाटायचा. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं तेव्हा अण्णा ५८ वर्षांचे होते. ७८ व्या वर्षी ग्राम प्राथमिक शिक्षणाचं मंडळ काढून ते पुण्यात दारोदार वर्गणीला फिरले. १९५८ मध्ये, शंभरीत, भारतरत्न मिळालं आणि त्यांचं टपाल तिकीट निघालं. ते तिकीट बाईंनी जपून ठेवलं होतं. पुरात पेटी गेली, त्यात तेही गेलं. पेटीत आणखी काय काय होतं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, पण तिकिटाची हळहळ शेवटपर्यंत होती.

मी सातवी झाले तेव्हा आजोबांनी सांगून टाकलं, “पोरगी शिकली तेवढी बास झालं. आता घरातलं बघू दे.” वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामाला. त्यांची इच्छा होती मी शिकावं, पण आजोबांपुढे ते बोलत नसत. मी बाईंकडे जाऊन रडले.

त्या संध्याकाळी बाई आमच्याकडे आल्या. आईने घरातली एकुलती खुर्ची पुढे केली. बाई म्हणाल्या, “बाबा खाली बसलेत, मी वर कशी बसू?” आणि पदर सावरून आजोबांच्या समोर सतरंजीवर बसल्या. माझ्या शाळेचा विषयच काढला नाही. “बाबा, मुळशीत तुमची जमीन कुठे होती?” एवढं विचारलं आणि थांबल्या.

आजोबा आधी काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, “पाण्याखाली हाय ती, बाई.” आणि मग बोलतच राहिले. खाचरात आंबेमोहोर लावायचे, भात रटरटायला लागला की शेजारच्या घरापर्यंत वास जायचा. टाटांचं धरण आलं. १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या मागे सत्याग्रहाला माणसं उठली, त्यात आजोबाही होते, मिसरूड फुटायच्या वयातले. धरणाच्या कामावर जाऊन बसले, पोलिसांनी उचलून बाजूला टाकलं, पुन्हा जाऊन बसले. आंदोलन तीन वर्षं चाललं आणि मोडलं. मुंबईला वीज गेली, आमचं शिवार बुडालं. आजोबा पुण्याला आले, हमाली केली, आणि चाळीस वर्षांनी दुसऱ्या धरणाच्या पाण्याने दुसरं घर नेलं. मी दाराशी उभी राहून ऐकत होते. वडीलही पहिल्यांदाच ऐकत होते. आजोबांना आजवर घरातल्या कोणी हे विचारलंच नव्हतं.

चहा झाल्यावर बाई उठता उठता म्हणाल्या, “बाबा, हे सगळं लिहून ठेवायला हवं. तुमच्या नातीचं अक्षर चांगलं आहे. अजून थोडी शिकली तर नीट लिहील.” आजोबा माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, “शिकू दे मग.”

ही युक्ती होती असं कोणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. पुढे कितीतरी संध्याकाळी आजोबा बाईंच्या खोलीत जाऊन बसत, आणि बाई हातातलं शिवण बाजूला ठेवून ऐकत. कामापुरतं गोड बोलणारं माणूस असं वर्षानुवर्षं ऐकत नाही.

मोठी झाल्यावर एकदा मी बाईंना थेट विचारलं. तुमचे केस उतरवले ते थोरामोठ्यांनीच ना? कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवेशी लग्न केलं तेव्हा मुरुडच्या थोरांनीच बहिष्कार घातला ना? मग कसला मान द्यायचा? आजची मुलं हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारतात आणि तो अगदी रास्त आहे. बाई चिडल्या नाहीत. “त्यांचं पटलं नाही तर करू नये,” त्या म्हणाल्या. “मी नाही केलं. अण्णांनीही नाही केलं. पण म्हणून त्यांच्यासमोर पाय पसरून बसू नये.” मग अण्णांच्या सोमण गुरुजींचं सांगितलं. मुरुडला या गुरुजींनी लहानपणी अण्णांना देवळात लोकांपुढे वर्तमानपत्र वाचून दाखवायला लावलं होतं. लोकांसाठी काही करावं ही गोडी अण्णांना तिथे लागली. बहिष्कार घालणारंही मुरुड आणि घडवणारंही मुरुडच. बाईंना हे दोन्ही लक्षात ठेवता येत होतं.

मान देणं म्हणजे मुकाट ऐकणं नव्हे. मोठ्या माणसाचं चुकत असेल तर तसं सांगावं, ठाम राहावं. माझ्या बाबतीत बाई तसूभर मागे हटल्या नव्हत्या. पण समोरच्या माणसामागे साठ-सत्तर वर्षं आहेत, त्यांत त्याने काहीतरी सोसलंय, कशासाठी तरी तो झगडलाय, आणि आपण आज ज्यावर उभे आहोत त्यातलं काही त्याच्या अंगावरून गेलंय, हे समजून घ्यायची तयारी हवी. नुसतं वाकून नमस्कार केल्याने ते समजत नाही. शेजारी बसून विचारावं लागतं. २००७ च्या कायद्याने म्हाताऱ्या आईवडिलांना मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो. तो कायदा हवाच. पण माझ्या बँकेत पेन्शन घ्यायला येणारी म्हातारी माणसं काउंटरपाशी रेंगाळायची, ती पैशासाठी नव्हे. “काय आजोबा, बरं आहे ना?” म्हटलं की त्यांना पुढे खूप सांगायचं असायचं. रांग असायची, तरी मी दोन मिनिटं ऐकायची. बाईंचं देणं मी असं थोडं थोडं फेडत आले.

आजोबांचं बोलणं मी खरंच लिहून काढलं, बाईंनी शिवलेल्याच वहीत. खाचरांची नावं, कोणाचं शेत कोणाला लागून, सत्याग्रहात आमच्या वाडीतून कोण कोण गेलं, सगळं. आजोबा गेले, मग बाई गेल्या. वही माझ्याकडे राहिली.

माझी भाची कर्वेनगरला, कर्व्यांच्याच संस्थेच्या मुलींच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकते. दिवाळीत तिने ती वही नेली. परवा फोन आला, “आत्या, पणजोबांनी नावं दिलीत त्यातली वरच्या अंगाची शेतं कदाचित बुडाली नसतील. आपण जाऊन बघू या का?” रविवारी मुळशीला जायचं ठरलंय. तिला म्हटलं, तुझ्या बाबालाही घे. आजोबा बोलत होते तेव्हा तो पाळण्यात होता, त्याने यातलं काहीच ऐकलेलं नाही. आणि वाडीतलं कोणी जुनं माणूस भेटलं, तर आधी त्याच्याजवळ बसायचं, फोटो मग काढायचे.