आकडा तुझाच येऊ दे

म्हसवड,
कार्तिक वद्य पंचमी

चि. बापूस,


गावच्या रथयात्रेला येणार म्हणालास, बरं वाटलं. पोट उतरलं, पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागली, हेही ऐकलं. पण फोन ठेवता ठेवता जे बोललास त्यासाठी हे पत्र. फोनवर तू ऐकून घेत नाहीस. कागद हातात पडला की निदान वाचशील तरी. म्हणालास, "गावी आलो की कोलेस्टेरॉल तपासतो. आधी आठ दिवस मटण, अंडी, तूप बंद करतो, म्हणजे रिपोर्ट चांगला येईल."

चांगला येईलही, पण तो तुझा नसेल. तुझी सगळी हयात सोनं गाळायच्या गलाईच्या भट्टीपुढं गेली. गिऱ्हाइकानं लगड आणली तर तिचा उजळ कोपरा बघून तू भाव सांगतोस का? रक्ताचंही तसंच. वर्षभर जे खातोस त्याचं आत काय झालंय हे बघायचं असेल, तर रक्त देण्याआधी दोन-तीन आठवडे नेहमीचंच जेव. भाकरी-भात सोडलायस ना, मग सोडलेलाच राहू दे. तूप खातोस तेवढंच खा, ना कमी ना जास्त.

आणि रथाच्या गडबडीत रक्त देऊ नकोस. रथ मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला, त्याच्या आधी-नंतर इथं कुणाचं जेवण कुणाच्या हातात असतं? प्रवास, जागरण, चार घरची आमंत्रणं. एरवी न शिवलेली पुरणपोळी पुढ्यात आली की तू काय नको म्हणणार आहेस! रक्तातली चरबी, म्हणजे ट्रायग्लिसराइड्स, मुळातच चंचल. एकाच माणसात आज-उद्यात २० टक्क्यांचा फरक सहज पडतो. त्यात गोड आणि दारूनं ते आणखी चढतात. उलट अंगात ताप असेल तर कोलेस्टेरॉल खोटंच उतरलेलं दिसतं. वजन झरझर उतरत असतानाही आकडे ठरलेले नसतात. म्हणून कोइमतूरला परत जा, वजन महिनाभर एका जागी ठरू दे आणि मग तिथल्या नेहमीच्या लॅबमध्येच जा. पुढच्या वेळीही तीच लॅब, तीच सकाळची वेळ.

रात्री जेवून १० ते १२ तास पोट रिकामं ठेव. २०१६ साली युरोपातल्या तज्ज्ञांनी नेहमीच्या तपासणीला उपाशी राहायची गरज नाही असं सांगितलं, आणि आपल्याकडच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेनंही २०२४ मध्ये तशी मुभा दिली. पण तुझ्या जेवणात तूप फार, तेव्हा तू उपाशीच जा. सकाळची ती तूप घातलेली कॉफी त्या दिवशी बंद. लॅबच्या टेबलामागं बसून मी हे रोज बघायचे. नळी सेंट्रिफ्यूजमधून फिरून आली की खाली लाल थर आणि वर स्वच्छ पिवळसर सीरम दिसायला हवा. कुणी तेलातुपाचं खाऊन आलेला असला की तोच सीरम दुधाळ, गढूळ. विचारलं तर म्हणायचा, "काही नाही बाई, नुसता चहा."

पण उपास लांबवूही नकोस. दिवसदिवस पोट रिकामं ठेवलं तरी एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वर सरकतं. पाणी मात्र भरपूर पी. भट्टीच्या धगीत घाम गाळून कोरडा पडलेला माणूस सुईपुढं बसला तर रक्त घट्ट, आकडा जास्त. पाच मिनिटं शांत बसून मगच हात पुढं कर. साखरेची गोळी उपाशीपोटी घ्यायची की जेवणानंतर, हे आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचार. भाकरी-भात बंद केल्यावर जुन्याच मात्रेनं साखर एकदम खाली जाऊ शकते. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर तपासणीसाठी म्हणून ती बंद करू नकोस.

आता रिपोर्ट वाचायचा कसा ते सांगते. समज, एकूण कोलेस्टेरॉल २६०, एचडीएल ६०, ट्रायग्लिसराइड्स ८०. पुष्कळ लॅब एलडीएल हिशोबानं काढतात. ट्रायग्लिसराइड्सला पाचानं भागायचं, १६ आले. ते आणि एचडीएल एकूणातून वजा केले की उरले १८४. पीठ-साखर कमी केल्यावर ट्रायग्लिसराइड्स उतरतात आणि एचडीएल थोडं वाढतं, ही जमेची बाजू. पण काहींचं एलडीएल याच जेवणानं बरंच चढतं, आणि त्यात तूप, लोणी, चरबीच्या मटणाचा हात मोठा. तुझ्या व्हॉट्सअॅपवरची भाकरी-भात सोडलेली मंडळी पहिल्या दोन ओळी बघून पेढे वाटतात आणि तिसरी बोटानं झाकतात. २०२४ च्या त्याच सूचनांत सर्वसाधारण माणसाचं एलडीएल १०० च्या खाली आणि मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्याचं ७० च्या खाली असावं असं म्हटलंय. तुला साखर आहे, तेव्हा तुझी ओळ ७० ची. १८४ आलं तर ते १८४ च, मग ट्रायग्लिसराइड्स कितीही देखणे असोत.

आणखी एक. डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं नाव तू तुझ्या जेवणाला लावतोस. त्यांचं सांगणं दिवसातून दोनदाच, ५५ मिनिटांच्या आत जेवायचं. भाकरी टाकून तुपाची वाटी तोंडाला लावायचं नाही. किती वेळा खावं आणि काय खावं, हे दोन वेगळे हिशोब आहेत.

एलडीएल वाढलंच तर लगेच भातावर तुटून पडायचं कारण नाही. तूप आणि चरबी आवर, त्या जागी शेंगदाणे, जवसाची चटणी, मासे येऊ देत. आपल्या माळाचे हुलगे आणि मटकी पिठूळ म्हणून टाळू नकोस, थोडी थोडी घे. त्यातला चोथा कोलेस्टेरॉल ओढून बाहेर काढतो. थायरॉइड बघून घे, ते मंद असलं तरी एलडीएल चढतं. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपास.

आपले वडील अण्णा बावन्नाव्या वर्षी हृदयविकारानं गेले, हे तिथल्या डॉक्टरांना आधी सांग. अंगानं काटक होते, रोज रानात खपायचे, तरी गेले. आपल्यासारख्या घरात लायपोप्रोटीन(ए) ही तपासणी आयुष्यात एकदा तरी करावी. तो आकडा रक्तातूनच वारशानं येतो आणि जेवणानं फारसा हलत नाही. मीही करून घेतेय.

रथाला ये, गुलालखोबरं उधळ, पुरणपोळी खा, मी मोजायला बसणार नाही. मात्र महिन्या-दीड महिन्यानं रिपोर्ट आला की त्याचा फोटो पाठव. सगळा पाठव, तुला आवडलेल्या दोन ओळी कापून नको.

सौ.ला आशीर्वाद, पोरांना पापे.

तुझी,
आक्का