साडेपांच तासांचें अंतर

नातवाच्या जन्माच्या गडबडींत वेळ टिपून ठेवण्याचें कोणासहि सुचलें नाहीं. त्याचें पहिलें छायाचित्र मात्र जन्मतांच काढलेलें होतें. तेव्हां मुलाच्या संगणकावर त्यापुढें दिसणारी पहांटे ४ वाजून ४२ मिनिटें ही वेळ प्रमाण मानून मीं कुंडली मांडली. सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, बाळ झालें तेव्हां मध्यरात्रसुद्धां उलटली नव्हती!"

मुलानें उलगडा केला. कॅमेऱ्याच्या कार्डावर 'फॅट' नांवाची जुनी मांडणी होती. तींत फाइलीची वेळ स्थानिक घड्याळाप्रमाणें लिहितात. पण तें घड्याळ कोणत्या देशाचें, हें लिहिण्यास तेथें जागाच नाहीं. (सेकंदहि दोन-दोनांनीं मोजतात, म्हणून ते सदैव सम!) उलट, लिनक्स प्रणाली काळ जागतिक मानानें ठेवते. दोहोंमधील दुभाषी म्हणजे तिच्या गाभ्यांतील 'ड्रायव्हर'. त्यानें आमची वेळ जागतिक समजून घेतली, आणि ती दाखवितांना तींत आणखी साडेपांच तास मिळविले गेले. मुलानें त्यास ३३० मिनिटें वजा करावयास सांगतांच रात्रीचे ११ वाजून १२ मिनिटें उमटलीं.

पंचांगाचा वार सूर्योदयापासून, म्हणून तो टिकला. लग्न मात्र सुमारें दोन तासांनीं पालटतें. परिमाण न लिहिल्यास गुण नाहींत, असें जन्मभर मुलांना बजावणारा मी! पहिली कुंडली फाडली.

"आतां तरी नक्की ना?" सूनबाईंनीं विचारलें.

कॅमेऱ्याचें घड्याळ बरोबर आहे कीं नाहीं, तें आधीं पाहावयास उठलों.