फौजीचं घर

अब्बांचा इंतकाल होऊन तीन वर्षं झाली. ईटमध्ये आजही आमचा पत्ता विचारला तर लोक ‘फौजीचं घर’ असंच सांगतात. हा मान त्यांनी स्वतः कमावला होता. पण मानासोबत लोक त्यांच्या खांद्यावर एक ओझंही ठेवू पाहायचे. ते उचलायला अब्बांनी शेवटपर्यंत नकार दिला. आज त्याविषयीच लिहायचं आहे.

अब्बांचा जन्म १९४४ चा. शाळेत गुरुजींनी जी तारीख घातली तीच खरी मानायची. भूम तालुका तेव्हा निजामाच्या राज्यात होता. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झाली तेव्हा ते चार वर्षांचे होते. त्यानंतरच्या दिवसांत या भागातल्या मुसलमानांवर जे गुदरलं त्याची पाहणी पंडित सुंदरलाल समितीने केली. सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत समितीने उस्मानाबादचं नाव घेतलं. हिंदू शेजाऱ्यांनी मुसलमानांना आसरा देऊन वाचवल्याच्या नोंदीही त्याच अहवालात आहेत. आमच्या घरात मात्र त्या दिवसांचा विषय फारसा निघत नसे. दादी एवढंच म्हणायची, “बुरा बखत था, गुजर गया.”

दादा लवकर वारले. मागे राहिली दोन एकर कोरडवाहू जमीन आणि चार लेकरं. अब्बा सातवी करून बार्शीच्या एका गॅरेजात हाताखाली लागले. १९६२ च्या चीन युद्धानंतर फौजेत भरती वाढली आणि १९६३ मध्ये ते ईएमईत गेले. फौजेच्या गाड्या, तोफा, रणगाडे दुरुस्त करणारं हे दल. ट्रेनिंग सिकंदराबादला झालं. दादीच्या तरुणपणी ज्या हैदराबादेतून हुकूम यायचे, त्याच्याच शेजारी तिचा मुलगा भारतीय फौजेची वर्दी घालून उभा होता.

१९६५ आणि १९७१, दोन्ही लढायांच्या वेळी ते नोकरीत होते. लहानपणी आम्ही विचारायचो, “अब्बा, लढाई कैसी रहती?” ते म्हणायचे, “ग्रीस की बास रहती.” बंद पडलेला ट्रक रातोरात चालू करायचा, म्हणजे दारूगोळा सकाळी पुढे पोहोचतो. त्यांची लढाई ती एवढी.

१९७२ च्या दुष्काळात दादी खडी फोडायच्या कामावर जात होती. मिलोची भाकर आणि सुकडी खाऊन गाव जगलं. अब्बांची मनीऑर्डर आली की आधी दुकानाची उधारी भागायची, मग बैलांचा कडबा. त्या वर्षी आमचे बैल विकावे लागले नाहीत, हे दादी मरेपर्यंत सांगत होती.

१९७८ मध्ये पेन्शन घेऊन अब्बा परत आले. बाजारच्या रस्त्याला पत्र्याचं शेड टाकून त्यांनी विहिरींवरची डिझेल इंजिनं दुरुस्त करायला सुरुवात केली. हंगामात रात्री-अपरात्री बोलावणं आलं तरी सायकलला पान्यांची पिशवी अडकवून निघायचे. पैसे सुगी झाल्यावर. त्या शेडमधून दादीचं दवापाणी झालं, धाकट्या चाचांचं लग्न झालं आणि आम्ही तिघी बहिणी शिकलो. मला बार्शीला कॉलेजात घातलं तेव्हा नातेवाईक म्हणाले, “लडकी को इत्ता पढाके क्या करते?” अब्बांचं उत्तर ठरलेलं होतं, “फौज में भी कोर्स करे बगैर परमोशन नै मिलता.”

आता त्या ओझ्याविषयी. १५ ऑगस्टला, २६ जानेवारीला त्यांना स्टेजवर बसवत. वक्ता खेमकरणच्या रणांगणावर पॅटन रणगाडे उडवून शहीद झालेल्या परमवीर अब्दुल हमीदांचं नाव घ्यायचा, मग अब्बांकडे हात करून म्हणायचा, “असे मुसलमान हवेत!” टाळ्या पडायच्या. एका वर्षी त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. अब्बा उठून म्हणाले, “मी नोकरी केली, चोख केली. गावातली बाकीची पोरं फौजेत गेली, तुम्ही कशाचा पुरावा आहात, असं त्यांना कुणी विचारलं नाही. मलाही विचारू नका.” आणि खाली बसले. टाळ्या वाजवायच्या की नाही, हे लोकांना कळेना.

१७ सप्टेंबरच्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनालाही ते इस्त्रीचे कपडे घालून झेंड्याला सलामी द्यायला जायचे. या दिवशी मुसलमान घरी बसून शोक करतो, अशी काहींची समजूत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, “निजाम गया तो अपना क्या गया, बेटा? उसके राज में भी दो एकर, आज भी दो एकर.” थोडं थांबून म्हणाले, “जो मरे, वो अलग हैं.” त्या दिवशी मगरिबनंतर ते कब्रस्तानात जाऊन फातिहा पढून यायचे. सकाळची सलामी आणि संध्याकाळची फातिहा, दोन्ही त्यांचीच होती. एकीसाठी दुसरी सोडावी, असं त्यांना कधी वाटलं नाही.

आता फॅमिली पेन्शन अम्मीला मिळते. दर नोव्हेंबरला तिला हयातीचा दाखला द्यावा लागतो. ती जिवंत आहे, एवढाच पुरावा सरकार मागतं. अम्मी अंगठा देते, पैसे उचलते आणि त्यातून नातवंडांच्या फिया भरते.

अल्लाह अब्बांची मगफिरत करो.