पट्टी हलत होती, आवाज नव्हता

पोस्ट जरा लांब आहे आणि अर्धी कॉम्प्युटरची आहे. पण मामला आपल्या वाचनालयाचा आहे, म्हणून इथेच लिहितोय.

वाचनालयात धड चालणारा कॉम्प्युटर एकच. त्यावर डेबियन लिनक्स, कारण पुस्तकांची नोंद 'कोहा'वर होते. पावसाळ्यापासून बारावी झालेली एक मुलगी यायला लागली. तिला दिसत नाही. ती कॉम्प्युटर कानाने वापरते. एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर पडद्यावरचं सगळं वाचून दाखवतो. फुकट आहे, मुक्त आहे, पण फक्त विंडोजवर चालतो. लिनक्सवर ऑर्का आहे, मान्य. पण ती शिकली एनव्हीडीएवर, आणि उद्या नोकरी लागली तर टेबलावर बहुधा विंडोजच असणार. म्हणून त्याच मशिनवर व्हर्ट-मॅनेजरमधून व्हर्च्युअल मशिन करून आत विंडोज टाकून दिलं. दोन महिने छान चाललं.

मग एका सोमवारी तिचा फोन. "काका, कॉम्प्युटर बंद आहे." मागून ग्रंथपाल मॅडमचा आवाज, "अगं चालू आहे की, मला दिसतंय सगळं!"

जाऊन पाहिलं. लिनक्सवर गाणं लावलं, वाजलं. म्हणजे स्पीकर, वायर ठीक. विंडोजमध्ये गेलो. स्पीकरच्या चित्रावर फुली नाही, म्यूट नाही. आवाज टेस्ट केला तर हिरवी पट्टी मस्त वरखाली हलतेय, आणि खोलीत शांतता.

इथेच थांबून विचार करायला हवा होता. पट्टी हलते म्हणजे विंडोज आवाज काढतंय, तो बाहेर पडतानाच कुठेतरी अडतोय. पण मी शहाणा! मशिनचं साउंड कार्ड 'आयसीएच ९' होतं, ते बदलून 'एसी ९७' केलं. ६४ बिट विंडोजमध्ये त्याचा ड्रायव्हरच नसतो, त्यामुळे होती ती पट्टीही गेली. परत आयसीएच ९. यात बुधवार उजाडला. मुलगी तिन्ही दिवस एसटीने आली, तासभर बसली आणि गेली. तक्रार केली नाही, हेच जास्त लागलं.

बुधवारी रात्री आठवलं. मागच्या आठवड्यात घरून मशिन बघता यावं म्हणून मीच डिस्प्ले 'स्पाइस'वरून 'व्हीएनसी'वर नेला होता. चित्र दिसलं, मी खूश. पण या मांडणीत आवाज स्पाइसच्याच वाटेने खिडकीपर्यंत येतो. व्हीएनसी केलं की लिबव्हर्ट मुळातच आवाज यजमान मशिनला देत नाही. तो आत तयार होतो आणि हवेत विरतो. लिनक्सच्या साउंड सर्व्हरला थेट जोडायचा म्हटलं तरी मशिन चालतं वेगळ्या युजरच्या नावाने, त्याला आपल्या लॉगिनच्या पाइपवायरपर्यंत पोचता येत नाही. सेटिंग करून जमतं, पण मी सरळ स्पाइस परत लावलं. अजून एक, स्पाइसवर खिडकी बंद केली तरी आवाज बंद होतो. हे मॅडमना दोनदा सांगितलंय.

आता सार्वजनिक भाग. त्या तीन दिवसांत वाचनालयाच्या रजिस्टरात 'संगणक चालू' अशीच नोंद आहे. खोटी नाही, लिहिणाऱ्याला तो चालू दिसत होता. मीही डिस्प्ले बदलल्यावर फक्त डोळ्यांनी तपासलं होतं. दिव्यांग हक्क कायदा २०१६ सालचा आहे, माहिती आणि तंत्रज्ञान सगळ्यांना वापरता यावं असं त्यात लिहिलंय. आमच्याकडे ते एका सेटिंगवर अडकलं होतं, आणि सेटिंग बदलणारा मी होतो. रजिस्टरात 'आवाज येतो का' असा रकाना घाला, एवढं समितीला लेखी दिलंय. उत्तर यायचंय.

गुरुवारी ती आली. खुर्चीत बसल्या बसल्या इन्सर्ट आणि एफ १२ दाबलं, त्याने वेळ ऐकू येते. मशिन बोललं. ती म्हणाली, "काका, घड्याळ पाच मिनिटं मागे आहे."

ते अजून दुरुस्त करायचंय.